लेहरा धरणारा माणूस : फिलिप ग्लासचं संगीत ऐकताना

तबल्याच्या सोलोला गेलात की एक माणूस हमखास दिसतो. बाजूला, जरा मागे, पेटी घेऊन बसलेला. तीनतालाच्या सोळा मात्रांत चपखल बसणारी एक छोटी सुरावट, म्हणजे लेहरा, तो धरतो आणि पुढचा तासभर तीच वाजवत राहतो. तबलजी कायदा मांडतो, पलटे करतो, रेला सोडतो, चक्रदार समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, आणून आपटतो. लोक वाहवा करतात. लेहरा धरणाऱ्याकडे कुणी बघत नाही. आमच्या क्लासमध्ये लेहरा धरायची पाळी आली की मुलं पाणी प्यायला निघून जायची. मी पळण्यात हळू होतो, त्यामुळे बऱ्याचदा मीच सापडायचो.

पण त्या शिक्षेत एक गंमत कळली. पहिली दहा मिनिटं जीव जातो. मग कधीतरी कान बदलतो. सुरावट तीच, बोटं तीच, पण आता मधला एखादा स्वर उगाचच पुढे आल्यासारखा वाटतो. थोड्या वेळाने तो मागे जातो आणि दुसराच पुढे येतो. भात्याचा दाब किंचित कमी झाला तर ते आधी कधी ऐकू आलं नसतं, ते आता डोंगराएवढं वाटतं.

आता समजा, तबलजी मैफलीतून उठून गेला. उरला फक्त लेहरा. त्याला मंचाच्या मधोमध आणून बसवलं, मोठे स्पीकर लावले, जोडीला दोन ऑर्गन आणि तीन सॅक्सोफोन दिले. आणि तो लेहराच अगदी सावकाश बदलायला लागला, इथे एक स्वर वाढला, तिथे दोन गळले. फिलिप ग्लास या अमेरिकी संगीतकाराचं १९६८ ते १९७४ या काळातलं संगीत बरंचसं असं आहे.

त्याच्यावर तिकडे एक विनोद फिरतो. दारावर टकटक. कोण आहे? टकटक. कोण आहे? टकटक. कोण आहे? फिलिप ग्लास. विनोद चांगला आहे, पण तो करणाऱ्याने मोजणी केलेली नाही. टकटक दर वेळी सारखी नसते, आणि सगळा खेळ तिथेच आहे.

वाचण्यापेक्षा करून बघा. समोर टेबल असेल तर उत्तम. दोन तुकडे घ्या. पहिला ‘तिटधा’, म्हणजे दोन जलद टिचक्या आणि एक थाप. दुसरा नुसता ‘धा’. आता वाजवा: तिटधा धा. मग तिटधा धा धा. मग तिटधा धा धा धा. आता उलटे या. मग तिटधा दोनदा घ्या आणि धा एकदा. लय अजिबात हलवायची नाही, जोर कुठेही द्यायचा नाही. मिनिटभरात लक्षात येईल की हाताला कळतंय पण कानाला पुढचं सांगता येत नाहीये. १९६८ मध्ये ग्लासने ‘वन प्लस वन’ नावाची रचना लिहिली ती हीच. एक वादक, एक टेबल, टेबलाला लावलेला माइक. कागदावर हे दोन तुकडे आणि ते कसे जोडायचे याचे नमुने. बाकी वादकाने करायचं. बोल अर्थात माझे, त्याने नुसत्या खुणा लिहिल्या आहेत.

त्याच वर्षीची ‘टू पेजेस’ जरा पुढची पायरी. हस्तलिखित दोन पानांचं होतं म्हणून नाव ‘दोन पानं’. यात पाचच स्वर आहेत. आपल्या भाषेत मंद्र पंचम, मग सा, रे, कोमल गंधार, मध्यम. हे पाच स्वर बराच वेळ फिरतात. मग पाचाच्या मागे पहिले चार जोडले जातात. मग पाच-चार-तीन. मग पाच-चार-तीन-दोन. गाडी पुन्हा मागे येते. सुरांचे थर नाहीत, तान नाही, सगळे वादक एकच ओळ वाजवतात. ज्यांनी तबल्याच्या परीक्षा दिल्या आहेत त्यांना यतीचे, म्हणजे लयीच्या चालीचे, प्रकार पाठ करावे लागले असतील. त्यातली गोपुच्छा, गाईच्या शेपटीसारखी निमुळती होत जाणारी, ती हीच. आपण ती एखाद्या तुकड्यात चार सेकंद दाखवून समेवर येतो. हा गृहस्थ त्या शेपटीवर सगळं दुकान मांडतो.

दुकानावरून आठवलं. ग्लासचा जन्म १९३७ चा, बाल्टिमोर शहरातला. वडील रेडिओ दुरुस्त करायचे आणि रेकॉर्डी विकायचे. ज्या रेकॉर्डी खपत नसत त्या ते रात्री घरी आणून ऐकत. गिऱ्हाईक या का घेत नाही, दोष नेमका कुठे आहे, हे शोधायला. दोष सापडायचा नाही, उलट त्यांनाच ते संगीत आवडायला लागायचं. बार्टोक, शोस्ताकोविच असली त्या काळात न खपणारी मंडळी ग्लासच्या कानावर अशी पडली. न खपणारा माल हेच चांगलं संगीत, असा पोराचा समज झाला असेल तर नवल नाही.

पंधराव्या वर्षी तो शिकागो विद्यापीठात गेला, तिथे गणित आणि तत्त्वज्ञान. मग न्यूयॉर्कच्या जुलियार्ड स्कूलमध्ये संगीत. मग शिष्यवृत्ती मिळवून १९६४ मध्ये पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे. बुलांजेबाई तेव्हा पंच्याहत्तरी ओलांडलेल्या. अमेरिकेतल्या कितीतरी नामवंत संगीतकारांना त्यांनी घडवलं होतं, आणि शिस्त अशी की पदवी घेऊन आलेल्या माणसालाही श्रीगणेशापासून बसवायच्या. ग्लास पुढे म्हणायचा की मला दोन गुरू भेटले, एकाने प्रेमाने शिकवलं आणि एकीने धाकाने. धाकवाल्या बुलांजे. प्रेमवाले पंडित रविशंकर.

रविशंकर त्याला भेटले तेही पॅरिसमध्येच, आणि शिष्य म्हणून नव्हे. ‘चॅपाक्वा’ नावाच्या चित्रपटाला ते संगीत देत होते. वाजवणारे होते फ्रेंच वादक, समोर लिहिलेला कागद असल्याशिवाय न वाजवणारे. रविशंकर पडद्यावरचं दृश्य बघून जागेवर सुचेल ते सांगणार आणि ते पाश्चात्त्य लिपीत उतरवून वादकांपुढे ठेवायला कुणीतरी हवा. ते काम ग्लासला मिळालं. सोबत तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ.

आता इथली अडचण समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातून निघालं. आपल्या भातखंडे लिपीतही उभ्या रेघा असतात. त्या विभाग दाखवतात. पाश्चात्त्य लिपीतही उभ्या रेघा असतात, पण तिथल्या वादकाच्या अंगात मुरलेलं असतं की रेघेनंतरचा पहिला स्वर वजनदार. ग्लासने ऐकलेलं लिहिलं, सवयीने रेघा मारल्या, वादकांनी वाजवलं. अल्लारखाँनी मान हलवली. चूक. जोर नको तिथे पडतोय. ग्लासने रेघा सरकवल्या. पुन्हा चूक, आता जोर दुसऱ्याच ठिकाणी. स्टुडिओचं भाडं चालू, वादक ताटकळलेले, आणि खाँसाहेब एकच सांगताहेत की सगळे स्वर सारखे आहेत. शेवटी वैतागून त्याने सगळ्याच रेघा खोडून टाकल्या.

आणि कागदावर उरली नुसती स्वरांची रांग. त्या रांगेत त्याला दोन-दोन, तीन-तीनचे गट दिसायला लागले. म्हणजे पाश्चात्त्य माणूस लांब काळ घेतो आणि त्याचे समान तुकडे करतो, पोळीचे चतकोर करावेत तसे. इथे उलट चाललं होतं. छोटे छोटे एकक घ्यायचे आणि ओवत जायचं, गजऱ्यात फुलं ओवावीत तसं. ग्लास आयुष्यभर सांगत आला की आपली वाट त्या खोडलेल्या रेघांतून सुरू झाली.

आता माझं एक मत. ग्लास जे शिकला ते अर्धंच होतं, आणि ते अर्धं राहिलं हे बरंच झालं. आपला ताल नुसता ओवत जात नाही. सोळा म्हणजे सोळा, त्या चौकटीत काय वाटेल तशी गणितं करा पण समेवर हजर राहा. अल्लारखाँचा सगळा आनंद त्या चौकटीशी झुंजण्यात होता. ग्लासने ओवणं उचललं आणि चौकट सोडून दिली. ‘टू पेजेस’मध्ये आवर्तनच लांबत-आखडत जातं, त्यामुळे सम अशी राहतच नाही. पूर्ण समजलं असतं तर तो एक बरा फ्युजनवाला झाला असता. नंतर त्याने चक्रंही घेतली, वेगवेगळ्या लांबीची, एकाच वेळी फिरणारी आणि बऱ्याच वेळाने एकत्र येऊन भेटणारी. तिथे आपला माणूस लगेच मान डोलावतो. पण पहिली वाट चुकीतून सापडली.

हिंदुस्थानी संगीताकडे वळलेला तो एकटाच नव्हता. त्याच्याच पिढीतले टेरी रायली आणि ला माँट यंग हे किराणा घराण्याच्या पंडित प्राणनाथांचे गंडाबंध म्हणावेत असे शिष्य झाले. मिरजेला येऊन राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचं तेच घराणं. प्राणनाथांची तालीम मात्र वाहिद खाँसाहेबांकडची. ते दोघे स्वराकडून गेले, ग्लास लयीकडून. या सगळ्यांना आणि स्टीव्ह राइख या आणखी एका संगीतकाराला मिळून ‘मिनिमलिस्ट’, म्हणजे कमीतकमी सामग्रीत काम करणारे, म्हणतात. ग्लासला तो शिक्का आवडत नाही, आणि पुढच्या काळातले त्याचे भलेमोठे ऑपेरा पाहिले तर त्यात कमीतकमी असं काहीच नाही.

१९६७ मध्ये तो न्यूयॉर्कला परतला तेव्हा हे संगीत वाजवायला कुठलाही प्रतिष्ठित हॉल देत नव्हता. त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि चित्रकारांच्या माळ्यांवर, कलादालनांत वाजवायला सुरुवात केली. खुर्च्या नसत, लोक जमिनीवर. ॲम्स्टरडॅमला एका कार्यक्रमात एक श्रोता एवढा भडकला की मंचावर येऊन त्याच्या की-बोर्डवर हात आपटायला लागला. ग्लासने एका हाताने त्याला ठोसा लगावला आणि दुसऱ्या हाताने वाजवणं चालू ठेवलं. लेहरा तुटता कामा नये, हे त्याला आमच्या क्लासमधल्या मुलांपेक्षा जास्त कळत होतं.

पोट संगीतावर नव्हतंच. राइखबरोबर त्याने सामान हलवण्याचा धंदा केला, नळजोडणी केली, टॅक्सी चालवली. ‘टाइम’ साप्ताहिकाचे कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज एकदा घरी असताना स्वयंपाकघरातून खुडबुड ऐकू आली. बघतात तो भांडी धुण्याचं यंत्र बसवायला आलेला माणूस फिलिप ग्लास. ह्यूज हादरले, अहो तुम्ही कलावंत, हे काय करताय? ग्लास म्हणाला, कलावंत आहे, पण कधीकधी प्लंबरही असतो, तुम्ही जा, मला काम संपवू द्या.

१९७६ चा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा दिग्दर्शक रॉबर्ट विल्सनबरोबर केलेला ऑपेरा. ऑपेरा म्हणायचं कारण एवढंच की गायक आहेत आणि रंगमंच आहे. गोष्ट नाही. जवळजवळ पाच तास, मध्यंतर नाही, प्रेक्षकांनी हवं तेव्हा बाहेर जावं, चहा पिऊन परत यावं. रात्रभर चालणाऱ्या दशावताराला बसलेल्याला यात काही वावगं वाटणार नाही. सुरुवातीलाच ऑर्गनवर तीन खर्जातले स्वर, आणि वृंद गातो आकडे: एक ते चार, मग एक ते सहा, मग एक ते आठ. बस्स. ते आकडे खरं तर तालमीत लक्षात राहावं म्हणून घातलेले होते. वृंद तेच गायला लागला आणि ग्लासने ते तसेच ठेवले. इतर ठिकाणी शब्दांऐवजी त्यांचं दो-रे-मी, म्हणजे आपली सरगम. गाण्याचं व्याकरणच गाणं होऊन बसलं.

फ्रान्समधल्या आव्हिन्यो महोत्सवात हा ऑपेरा गाजला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा हाउसमध्ये दोन प्रयोग झाले, तिकिटं संपली, आणि निर्माते कर्जात बुडाले. ग्लास पुन्हा टॅक्सीवर. एका बाईने गाडीतली त्याची नावाची पाटी वाचून त्याला सांगितलं म्हणे, अहो, तुमचं नाव एका फार प्रसिद्ध संगीतकाराचं आहे. टॅक्सी सुटली ती वयाच्या ४१ व्या वर्षी, नेदरलंड्समधल्या रॉटरडॅम शहराने नवा ऑपेरा लिहायला सांगितला तेव्हा. तो ऑपेरा ‘सत्याग्रह’.

याचं बीज आपल्याकडचं. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात ग्लास भारतात यायला लागला होता. कालिंपोंगमध्ये एका गालिचे विकणाऱ्याने त्याला दांडीयात्रेची जुनी चित्रफीत दाखवली. तो माणूस कसा चालतो हे बघून तो खुळावला. ऑपेरा मात्र दांडीचा नाही, दक्षिण आफ्रिकेतल्या वर्षांचा आहे, मोहनदास गांधींचे महात्मा गांधी होत होते त्या काळाचा. टॉल्स्टॉय फार्म, शपथ, ‘इंडियन ओपिनियन’ हे वृत्तपत्र छापणं, परवाने जाळणं, न्यूकॅसलचा मोर्चा. तीन अंक. पहिल्यावर टॉल्स्टॉय, दुसऱ्यावर रवींद्रनाथ, तिसऱ्यावर मार्टिन ल्यूथर किंग, नुसते उंचावर बसून बघणारे, एक अक्षर न गाणारे.

आणि भाषा संस्कृत. सगळा ऑपेरा भगवद्गीतेतल्या श्लोकांवर आहे. ते निवडले ग्लास आणि लेखिका कॉन्स्टन्स डीजाँग यांनी. पडदा उघडतो तेव्हा गांधी अर्जुनाचे शब्द गात असतात, ‘योत्स्यमानानवेक्षेऽहं य एतेऽत्र समागताः’. पुढे डर्बनमध्ये गोऱ्यांचा जमाव गांधींना मारायला धावतो आणि पोलिस सुपरिंटेंडेंटच्या पत्नी, मिसेस अलेक्झांडर, छत्री उघडून मध्ये उभ्या राहतात. १८९७ मध्ये खरोखर घडलेला प्रसंग. तिथे शब्द आहेत सोळाव्या अध्यायातले, आसुरी वृत्तीच्या माणसांचं वर्णन करणारे, आणि जमाव सुरात हा-हा-हा करून हसतो. मंचावर एक चाललंय आणि गायलं जातंय दुसरंच, असं पाश्चात्त्य प्रेक्षकाला वाटतं. नारदीय कीर्तन ऐकलेल्याला वाटणार नाही. पूर्वरंगात श्लोक, उत्तररंगात आख्यान, आणि दोन्ही एकमेकांना कसे लागू होतात ते श्रोत्याने बघायचं. ग्लासने दोन्ही रंग एकावर एक ठेवले एवढंच. संस्कृत कळू नये, लोकांनी शब्दांमागे न धावता नाद ऐकावा, ही त्याची इच्छा होती. आपली पंचाईत वेगळी: आपल्याला कळतं, आणि अमेरिकन जिभेवरचे ‘त’ आणि ‘द’ ऐकून आधी हसू येतं. ते ओसरायला अर्धा तास द्यावा.

सगळं ऐकायला वेळ नसेल तर शेवट तरी ऐकाच. मंचावर गांधी एकटे. टेनर, म्हणजे उंच पुरुषी, आवाजात एक सरळ आरोही ओळ. सा, कोमल रे, कोमल ग, मध्यम, पंचम, कोमल ध, कोमल नी, वरचा सा. पाश्चात्त्य लोक या सप्तकाला फ्रिजियन म्हणतात, आपण भैरवी थाट. तेच आठ स्वर, तसेच चढत, तीस वेळा. ना मुरकी, ना खटका, ना अवरोह. शब्द चौथ्या अध्यायातले, ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन’ इथून पुढे. माझे पुष्कळ जन्म झाले आणि तुझेही. पुन्हा पुन्हा जन्मण्याबद्दल बोलणारा श्लोक पुन्हा पुन्हा चढणाऱ्या ओळीत. पहिल्यांदा ऐकताना मी दहापर्यंत मोजलं, मग आकडा हरवला. मैफल भैरवीने संपवायची ही आपली रीत. रॉटरडॅममध्ये १९८० साली तीच पाळली गेली, योगायोगाने म्हणा हवं तर.

‘सत्याग्रह’नंतर ग्लास कामाला कधी कमी पडला नाही. इजिप्तच्या राजावरचा ‘अखनातेन’, डझनाहून जास्त सिंफनी, ‘कोयानिस्कात्सी’पासून ‘द अवर्स’पर्यंत चित्रपट, आणि १९९० मध्ये रविशंकरांबरोबर ‘पॅसेजेस’, ज्यात दोघांनी एकमेकांच्या सुरावटी घेऊन रचना केल्या. सगळं सारख्या तोलाचं नाही. चित्रपटांतला ग्लास कधीकधी स्वतःचीच नक्कल करतोय असं वाटतं, आणि त्याची नक्कल करणारे तर जाहिरातींत रोज भेटतात. नव्या माणसाने १९८२ च्या ‘ग्लासवर्क्स’मधल्या ‘ओपनिंग’पासून सुरुवात करावी. सहा-साडेसहा मिनिटांचा पियानो. डाव्या हाताच्या दोनांवर उजवा हात तीन वाजवतो, म्हणजे सरळ आपली आडी लय. त्या काळात नव्याने आलेल्या वॉकमनसाठी या अल्बमची कॅसेट वेगळी मिक्स केली होती, त्यामुळे हेडफोन लावून ऐकण्यात काही पाप नाही.

डिसेंबर २०११ च्या पहिल्या तारखेला मेट्रोपॉलिटनमध्ये ‘सत्याग्रह’चा प्रयोग संपला. बाहेर लिंकन सेंटरच्या पायऱ्यांशी विषमतेविरुद्ध निदर्शनं चालली होती, मध्ये पोलिसांचे कठडे. महागडी तिकिटं काढून गांधी बघून आलेले लोक कठड्याच्या एका बाजूला, निदर्शक दुसऱ्या बाजूला. ग्लास निदर्शकांच्या बाजूला येऊन उभा राहिला. तेव्हा वय ७४. ध्वनिक्षेपक नव्हता, म्हणून निदर्शकांची पद्धत अशी की बोलणाऱ्याने चार शब्द बोलायचे, जवळच्यांनी ते एका सुरात उच्चारायचे, मग मागच्यांनी. ग्लासने खिशातून कागद काढून ऑपेऱ्याच्या शेवटच्या ओळींचं इंग्रजी वाचलं, जे आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असतं: यदा यदा हि धर्मस्य. तो चार शब्द म्हणाला, गर्दीने ते म्हटले, मागच्या गर्दीने ते पुन्हा म्हटले. वाचून संपल्यावर त्याने कागद पुन्हा वरून धरला आणि पहिल्या ओळीपासून सुरू केलं.